चित्राची मागची बाजू : एका पहिल्या रहस्यकादंबरीच्या संपादनाचं प्रकरण

मूळ संहितेत खून व्हायचा तो पर्वतीच्या पायथ्याशी, एका जुन्या बंगल्यात. मरणारे एक निवृत्त डॉक्टर. त्यांच्या दिवाणखान्यात राजा रविवर्म्याचं एक तैलचित्र, आजवर जगाला माहीत नसलेलं. मुंबईचा एक दलाल ते लंडनच्या लिलावात नेणार असतो आणि त्याच्या आदल्या रात्री डॉक्टर मरतात. त्यांची भाची चित्रसंवर्धन शिकलेली. ती भिंग घेऊन चित्रासमोर उभी राहते, पांढऱ्या रंगाकडे बघते आणि जाहीर करते की हा टिटॅनियम व्हाइट आहे, रविवर्म्याच्या काळी तो नव्हताच. चित्र खोटं ठरतं आणि पुढच्या वीस पानांत खुनी पकडला जातो.

लेखिकेचं हे पहिलंच पुस्तक. संहिता माझ्याकडे आली तेव्हा प्रकाशकाचं म्हणणं असं, की भाषा चांगली आहे, फक्त 'तांत्रिक बाजू' तपासून द्या. ती तपासता तपासता निम्मी कादंबरी बदलली. कशी, ते इथे मांडते आहे. लेखिकेची परवानगी आहे. पुस्तकाचं आणि पात्रांची नावं देत नाही आणि खुनी कोण तेही सांगत नाही. बाकी सगळं उघड करते.

संहिता परत न पाठवण्याचं कारण होतं सातवं प्रकरण. त्यात बुधवार पेठेतलं एक फ्रेमचं दुकान येतं. फ्रेमवाला एक जुनी तसबीर पालथी घालून बसलाय, पाठीवरचा तपकिरी कागद ओला करून सोडवतोय, खिळे एकेक करून पत्र्याच्या डबीत टाकतोय आणि बोलता बोलता सांगतोय की ही फ्रेम आधी दोनदा उघडली गेली आहे, कारण लाकडात खिळ्यांची तीन वेगवेगळी भोकं आहेत. पान-दीड पानाचा मजकूर, पण असा मजकूर ऐकीव माहितीवरून लिहिता येत नाही. विचारल्यावर कळलं, लेखिकेच्या वडिलांचं असंच दुकान होतं आणि लहानपणी शाळेतून आल्यावर ती तिथेच बसायची. तरीही कथेत ते प्रकरण नुसतं वातावरणनिर्मितीला होतं. त्यातून कुठलाही धागा निघत नव्हता. रहस्याचा सगळा भार होता पांढऱ्या रंगावर, आणि तो रंग इंटरनेटवरून आला होता.

रविवर्माच का?

पहिला प्रश्न हाच विचारला. उत्तर अपेक्षित होतं : सगळ्यांना नाव माहीत असतं आणि किंमत मोठी असते. किंमत मोठी आहे हे खरंच. २०२३ मध्ये त्याचं यशोदा-कृष्णाचं चित्र मुंबईच्या लिलावात ३८ कोटींना गेलं. पण अडचण तिथेच सुरू होते. पुरातन वस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अंमल १९७६ पासून. त्याखाली रविवर्म्यासह नऊ चित्रकारांची चित्रं राष्ट्रीय ठेवा मानली जातात. अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ टागोर ही त्यातली आणखी काही नावं. अशी चित्रं देशात विकता येतात, खाजगी माणसाला देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. म्हणजे लंडनचा लिलाव गेला. दलाल चोरून नेणार असं दाखवलं तर मग संहितेतला पत्रकारांचा घोळका, चित्राचं अनावरण, मंत्र्यांचा फोन हे सगळंही जातं. चोरटा माल कोणी वाजतगाजत नेत नाही.

दुसरी अडचण जास्त घरगुती आहे. रविवर्म्याच्या छापखान्याची चित्रं महाराष्ट्रात घरोघरी होती, आणि तो छापखाना मुंबईहून आला तो लोणावळ्याजवळ मळवलीला. आपल्याकडच्या वाचकाला 'माडीवर रविवर्म्याचं चित्र सापडलं' म्हटलं की पहिली शंका येणार ती ओलिओग्राफची, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्राची. त्या छापांवर कॅनव्हाससारखा पोत उठवायचा आणि वरून वार्निश द्यायचं अशी पद्धतच होती. भिंगातून छपाईचे ठिपके दिसले की विषय संपला. मग दीडशे पानं कुणालाच ती शंका का येत नाही?

लेखिका म्हणाली, "मॅडम, मग सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयाचा संदर्भ घालू का? तिथे रविवर्मा आहे ना." आहे. पण अस्सल चित्र जवळ असणं म्हणजे तुलना करायला माणूस जवळ असणं. बनावट चित्र करणाऱ्याच्या दृष्टीने रविवर्मा हा वाईट धंदा आहे. त्याच्यावर अभ्यास करणारे फार.

म्हणून चित्रकार काल्पनिक करायचं ठरलं. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेला, १९३० च्या दशकात पुण्याच्या नदीकाठाची जलरंगचित्रं करणारा, तरुणपणीच गेलेला आणि आता आता ज्याचे भाव चढू लागलेत असा. काल्पनिक असला तरी त्याच्याभोवतीची चौकट खरी ठेवली. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे, तिची प्रदर्शनं व्हायची, त्यांच्या सूची छापल्या जायच्या. नायिकेला जाऊन शोधायला जागा मिळाली. शिवाय खऱ्या चित्रकाराचे वारस असतात. त्यांच्या घरातल्या भांडणांवर कथा रचणं हे कायद्याच्या आधी सभ्यतेतच बसत नाही.

जिवंत किंवा नुकताच गेलेला चित्रकार का नको, याला ताजं उदाहरण होतं. २००९ मध्ये दिल्लीतल्या एका दालनात सय्यद हैदर रझा स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं आपली नाहीत हे त्यांनीच सांगितलं. कादंबरीत हे घातलं असतं तर वाचकाने 'काहीही' म्हणून पान उलटलं असतं.

किंमत कोटींवरून लाखांवर आली याची लेखिकेला हळहळ वाटली. मला नाही वाटली. ज्या शहरात वाड्यातल्या एका खोलीच्या भाड्यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात, तिथे पस्तीस लाखांसाठी खून हे पुरेसं कारण आहे.

पांढरा रंग

टिटॅनियम व्हाइट हा खरा पुरावा होऊ शकतो. हा रंग कारखान्यात बनू लागला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि चित्रकारांच्या हाती आला १९२० च्या दशकात. रविवर्मा १९०६ मध्ये वारला. तर्क बरोबर आहे, पण भिंगातून तो दिसत नाही. पांढरा तो पांढराच दिसतो. क्ष-किरणांच्या उपकरणाने त्यातलं मूलद्रव्य ओळखावं लागतं, आणि ओळखलं तरी पुढचा प्रश्न उरतोच : नमुना कुठला घेतला? मधल्या काळात कुणी चित्राची डागडुजी केली असेल, उडालेला रंग भरला असेल, तर तिथे टिटॅनियम सापडणारच. अस्सल चित्रातही. संहितेतल्या नायिकेने कोपऱ्यातल्या ढगाकडे बघून निकाल दिला होता. कोपरे तर सगळ्यात आधी खराब होतात.

ही युक्ती कुठून आली तेही ठाऊक होतं. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राचीचं प्रकरण गाजलेलं आहे. हाइनरिश कांपेनडोंक या चित्रकाराच्या नावाचं, १९१४ चं म्हणून रंगवलेलं त्याचं चित्र २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात अठ्ठावीस लाख युरोंच्या वर गेलं. त्यात टिटॅनियम सापडलं. त्याने वापरलेल्या झिंक व्हाइटच्या ट्यूबमध्ये ते मिसळलेलं होतं आणि ट्यूबवर तसा उल्लेख नव्हता. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. सगळे एवढंच सांगतात. त्याच प्रकरणातला दुसरा भाग मात्र आमच्या कामाचा निघाला. त्याच्या चित्रांच्या पाठीवर एका जुन्या कलाविक्रेत्याच्या संग्रहाची चिकटवलेली लेबलं होती आणि जाणकारांना ती लेबलंही खोटी वाटली. शिवाय चित्रं घराण्यातलीच आहेत हे दाखवायला त्याच्या बायकोने आजीसारखा वेश करून, जुन्या कागदावर छापलेला फोटो तयार केला होता. म्हणजे निम्मी मेहनत चित्राच्या पुढच्या बाजूवर आणि निम्मी मागच्या बाजूवर, कागदपत्रांवर.

आमचं चित्र जलरंगाचं झाल्यावर टिटॅनियमचा प्रश्नच मिटला. पारदर्शक जलरंगात पांढरा लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. मग संशय कागदावर आला पाहिजे. १९५० च्या आसपासपासून कागदात चकाकी आणणारी द्रव्यं घालू लागले. असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा उजळतो, त्याआधीचा मंद राहतो. आणि अतिनील दिवा आता कुठल्याही दुकानात गल्ल्याशेजारी नोटा तपासायला असतो. नायिका प्रयोगशाळा शोधत न फिरता चौकातल्या औषधवाल्याकडे जाते. हा प्रसंग लेखिकेने एका बैठकीत लिहिला आणि मला त्यात एक शब्दही बदलावा लागला नाही.

कागद मात्र उजळत नाही. जुनाच निघतो. खोटं चित्र करणाऱ्याने जुन्या बाजारातून एका इंजिनिअरच्या अडगळीतले व्हॉटमन या विलायती चित्रकागदाचे ताव उचललेले असतात. त्या कागदावर जलचिन्हात सालही असायचं. उजेडासमोर धरलं की १९३१ दिसतं. नायिका हरते आणि वाचकही तिच्याबरोबर हरतो.

आधीच्या एका खर्ड्यात लेखिकेने इथे पुण्याचा हातकागद घातला होता आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचं नाव घेतलं होतं. ती संस्था १९४० ची, चित्र १९३० च्या दशकातलं. त्यावरून चित्र खोटं ठरवता येईल असं तिला वाटलं. पण नुसता हातकागद म्हणजे त्याच संस्थेचा असं कुठे आहे? कसब्यातला कागदीपुरा त्याच्या कितीतरी आधीचा. ते काढलं.

बिल

आता जी गोष्ट संहितेत आधीपासून होती आणि कुणाच्या लक्षात आली नव्हती ती. सातव्या प्रकरणात एक वाक्य होतं : 'बाबा बिलावर माप लिहायचे, चित्र कुणाचं ते कधी लिहायचे नाहीत.'

चित्राच्या पाठीशी, तपकिरी कागदाखाली एक बिल सापडतं हे मूळ कथेतही होतं. १९५८ चं. त्यावर चित्रकाराचं नाव, विषय, 'डॉक्टरांच्या वडिलांना सप्रेम भेट मिळालेले चित्र' असा मजकूर. मूळ कथेत हे बिल चित्राच्या बाजूने साक्ष देत होतं आणि टिटॅनियमने ती साक्ष खोडून निघत होती. मी लेखिकेला एवढंच विचारलं, "तुमच्या वडिलांनी असं बिल लिहिलं असतं का?"

ती हसायलाच लागली. "छे हो. 'फ्रेम अठरा बाय बारा, काचेसह'. संपलं. आत गणपती आहे की आजोबा, त्याच्याशी काय देणंघेणं?"

इथून कादंबरी फिरली. खरी कागदपत्रं फारशी मदत करत नाहीत. ती ज्याच्यासाठी लिहिली जातात त्याच्यापुरतं बोलतात. पन्नास वर्षांनी कुणी शंका घेईल म्हणून फ्रेमवाला आज खुलासा लिहून ठेवत नाही. बिल जितकं सोयीचं तितकं संशयास्पद, हे नायिकेला कळतं ते संवर्धनाच्या पदवीमुळे नाही, फ्रेमवाल्याच्या दुकानात बसल्यामुळे. कोलकात्यात २०११ मध्ये रवींद्रनाथांच्या नावाने मांडलेली वीस चित्रं पुरातत्त्व खात्याच्या समितीने बनावट ठरवली, तेव्हाही लोकांचा पहिला प्रश्न रंगांबद्दल नव्हता. ही आली कुठून, हाच होता.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा काय? पिनकोड, लेखिका म्हणाली. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. १९५८ च्या बिलाच्या मथळ्यावर '४११००२' छापलेलं असेल तर बिल खोटं. त्याआधी नुसतं 'पुणे २' लिहायचे. पुरावा पक्का आहे, पण फार उघडा. अशा कादंबऱ्यांचा सराव असलेला वाचक चौथ्या प्रकरणातच पकडणार, आणि आमचे वाचक सगळे सरावाचेच.

बराच काथ्याकूट झाल्यावर उपाय सापडला तो बिलाच्या नंबरात. खोटं बिल लिहिणाऱ्याने कागद नवा छापलेला नाही. त्याच दुकानाच्या जुन्या बिलबुकातलं एक कोरं पान फाडून त्यावर १९५८ ची तारीख टाकली आहे. कागद जुना, छपाई अस्सल, शाई तेवढी बेताची. रक्कम 'रुपये ६, नये पैसे ५०' अशी लिहायलाही तो विसरलेला नाही, कारण दशमान नाणी १९५७ मध्ये आली हे त्याला ठाऊक आहे. इन्स्पेक्टर इथेच अडखळतो. त्याला वाटतं आणे हवे होते. वाचकाला वाटतं आपण इन्स्पेक्टरपेक्षा हुशार, आणि तेवढ्यात बिलाचा नंबर त्याच्या नजरेखालून निघून जातो : २१८८.

पाच प्रकरणांनंतर नायिका घरी आईवडिलांच्या लग्नाचा फोटो पुसत असते. फ्रेम त्याच दुकानातली. मागे बिल आहे, १९७४ चं, नंबर २१८६, मथळ्यावर पिनकोडसकट. चौथ्या प्रकरणातल्या बिलाचा मथळा कसरीने खाल्लेला होता, त्यामुळे पिनकोड वाचकाला तिथे दिसलेला नसतो. दोन्ही बिलं वाचकाने पाहिली आहेत, फक्त शेजारी शेजारी ठेवलेली नाहीत. रहस्यकथेत लेखकाने वाचकाशी प्रामाणिक राहावं म्हणतात ते माझ्या मते एवढंच.

मला एक शंका होती. दुकानदार दर वर्षी नंबर एकपासून सुरू करत असतील तर? लेखिकेचं उत्तर तयार होतं. छोट्या दुकानांत ते कोण करतो? बिलबुकं संपत आली की छापखान्यात जायचं, तिथला माणूस विचारायचा, "मागचा शेवटचा नंबर किती?" आणि तिथून पुढे छापायचा. हा संवाद जसाच्या तसा कादंबरीत घातला, दहाव्या प्रकरणात, अगदी सहज वाटेल असा.

शेवटचा तुकडाही तिच्याच घरातला. विक्रीकरवाले कधी येतील या धास्तीने तिचे वडील सगळ्या स्थळप्रती, म्हणजे बिलांच्या दुकानात राहणाऱ्या कार्बनच्या प्रती, पोत्यात भरून पोटमाळ्यावर ठेवायचे. बिल लिहिताना चुकलं तर मूळ आणि कार्बनची प्रत दोन्हींवर 'रद्द' लिहून तिथेच ठेवायची. म्हणजे नंबर २१८८ ची स्थळप्रत पोत्यात असणार, आणि तिच्यावर काहीच उमटलेलं नसणार. 'रद्द'सुद्धा नाही. मूळ पान कोरंच फाडून नेलं आहे. दुकानात गल्ल्याजवळ बसायची मुभा कुणाला होती, एवढाच प्रश्न उरतो, आणि तिथून खुनी सापडतो.

पानशेत

डॉक्टरांकडे या एका बिलाखेरीज कसलाच कागद का नाही? संहितेत उत्तर होतं : 'सगळं पानशेतच्या पुरात गेलं.' १२ जुलै १९६१. पुण्यात घरातला कुठलाही कागद सापडत नसेल तर हे कारण अजून चालतं. पण बंगला पर्वतीच्या पायथ्याशी. पाणी आलं ते नदीकाठच्या पेठांत, नारायण, शनिवार, कसबा, आणि पलीकडे डेक्कनच्या बाजूला. पर्वतीकडे लोक आसरा घ्यायला गेले असतील.

सरळ उपाय होता बंगला नारायण पेठेत हलवण्याचा. लेखिका तयारही झाली. मीच थांबवलं. बंगला तिथेच राहू दे आणि थाप थापच राहू दे. मुंबईचा दलाल ती ऐकतो आणि मान डोलावतो. फरासखान्याचा हवालदार ती ऐकतो आणि विचारतो, "पाणी एवढं चढलं असतं तर आम्ही राहिलो असतो का साहेब?" कुटुंब खोटं बोलतंय हे पुणेकर वाचकाला दुसऱ्या प्रकरणातच कळतं आणि तो चुकीच्या माणसांवर संशय घेत बसतो. कुटुंबाची लबाडी वेगळीच असते : कागदपत्रं आणि आजोबांची पुस्तकं धाकट्या काकाने रद्दीत घातलेली असतात आणि ते कबूल करायची लाज वाटते. सगळ्यात मजा मला या प्रकरणात आली.

किरकोळ दुरुस्त्या पुष्कळ. कथा २०१९ मध्ये घडते आणि पोलीस भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लावतात. ती संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला. ३०२ परत आणलं. जलरंगाला वार्निश दिलेलं होतं, ते काढलं. अभिनव कला महाविद्यालयाची इमारत पहिल्या खर्ड्यात कर्वे रस्त्यावर गेली होती, ती टिळक रस्त्यावर आणली.

एका बाबतीत लेखिकेने ऐकलं नाही. म्हाताऱ्या फ्रेमवाल्याला सगळं आधीपासून कळलेलं असतं आणि तो गप्प बसतो. मला ते पटत नव्हतं. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या चुका काढत आलेला माणूस इथेच कसा गप्प बसेल? तिचं म्हणणं, तो गिऱ्हाइकाच्या चुका काढतो, घरातल्या माणसाच्या नाही. यावरून खुनी कोण याचा अंदाज येत असेल तर येऊ दे. प्रकरण तिच्या मनासारखं छापलं गेलं आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकांना तेच जास्त आवडलं.

मुद्रितं आली तेव्हा चौथ्या प्रकरणात बिलाचा नंबर ११८८ झाला होता. मुद्रितशोधकांना विचारलं. ते म्हणाले, "पुढे चौऱ्याहत्तर सालच्या बिलाचा नंबर एकवीसशे शहाऐंशी आहे. अठ्ठावन्न सालचा त्याच्या पुढचा कसा असेल? तुमच्याकडून राहून गेलं असणार, म्हणून दुरुस्त केलं." लेखिकेला फोन करून सांगितलं की आपला धागा सापडण्याजोगा आहे, नक्की. नंबर परत बदलला आणि पुढच्या मुद्रितावर त्या ओळीशेजारी लाल शाईने लिहिलं : 'आकडा बरोबर आहे, हात लावू नये.'